तपासणाऱ्याची सही

बाबांनी माझी आठवड्याची सात कार्डं खिडकीपाशी तिरकी धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "या सगळ्या एका दमात केलेल्या खुणा आहेत."

मी म्हटलं, रोजच्या रोज करते. बाळ खांद्यावर होतं, त्यामुळे त्यांच्याकडे न बघता बोलता आलं.

"सात दिवस, शाई एक, आणि सगळ्या खुणांच्या शेपट्या एकाच बाजूला उडालेल्या. अगं, एकतीस वर्षं असली कार्डं बघितलीत मी. चहा गार व्हायला लागला की ड्रायव्हर अश्शाच खुणा करतो."

बाबा बसड्रायव्हर होते. डेपोतून गाडी बाहेर काढण्याआधी कार्ड भरावं लागे. ब्रेक, टायर, दिवे, आरसे, वायपर. प्रत्येक गोष्ट हात लावून तपासायची, मग समोर बरोबरची खूण करायची, नाहीतर 'दोष' असं लिहायचं. शेवटी 'गाडी बाहेर: होय / नाही', आणि खाली दोन सह्या, एक भरणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दोष लिहिणाऱ्याला कुणी बोलत नसे. लपवून गाडी काढणाऱ्याची मात्र धडगत नसे.

मी दुसरीत असताना बाबा सात आठवडे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. आईने मला सरळ सांगितलं, बाबांचं मन आजारी आहे, त्याचे डॉक्टर असतात, औषध असतं आणि वेळ लागतो. कामावर पुन्हा जायला लागले तेव्हा बाबांनी डेपोतून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा मागून आणला. ब्रेक खोडून तिथे 'झोप' लिहिलं. टायरच्या जागी गोळी, दिव्यांच्या जागी अंघोळ, आरशांच्या जागी चालणं, आणि वायपर खोडून 'कुणाशी तरी बोललो'.

रोज सकाळी ते कार्ड भरायचे. आई हात पुसत यायची, आधी त्यांच्याकडे नीट बघायची, मग कार्डाकडे, आणि तपासणाऱ्याच्या चौकटीत सही करायची. कधी नुसतंच परत द्यायची. म्हणायची, "वायपर खोटाय. काल दिवसभरात चकार शब्द काढला नाहीत." मग बाबा निमूट चपला अडकवून शेजाऱ्यांशी पाच मिनिटं बोलून यायचे. अशी कार्डं घरोघरी असतात असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

'गाडी बाहेर: नाही' असेही दिवस यायचे. बाबा डेपोत फोन करून तसं सांगायचे. एकदा साहेब म्हणाले होते, दिसता तर धडधाकट. बाबा म्हणाले, "आपली बावीस नंबरची गाडीही दिसते, साहेब. ढकलायला सहा माणसं लागतात." हे ते अजूनही सांगतात, आणि दर वेळी माणसं एकाने वाढतात.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा तशीच खोडून लिहिलेली दहा कार्डं त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवली. पडून आहेत, वापर, एवढंच म्हणाले. मला राग आला होता. तुमचा आजार तुमच्यापाशी. माझं सगळं छान होतं, बाळ गुटगुटीत, नवरा समजूतदार, घर लख्ख. फक्त सकाळी दुपट्यांच्या घड्या घालायला बसले की दुपारीही मी तिथेच असायचे, पहिलं दुपटं हातात. ते कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हणून मी खुणा केल्या.

बाबांनी बाळाला स्वतःकडे घेतलं, कोरं कार्ड पुढे सरकवलं. "हात लावून तपास," म्हणाले.

झोप: दोष. अंघोळीपाशी आठवावं लागलं. परवा? दोष. चालणं, दोष. 'कुणाशी तरी बोललो' या ओळीवर मी पेन नुसतंच टेकवून ठेवलं आणि मग एकदम सांगून टाकलं.

"बाबा, परवा ही रडत होती आणि मला वाटलं, शेजारच्या घरातलं बाळ रडतंय. किती वेळ, ते मला माहीत नाही."

बाळ त्यांची कॉलर चोखत होतं. ती त्यांनी सोडवली नाही. "हे डॉक्टरांना सांगायचं," ते म्हणाले. "याच शब्दांत. मी येतो."

"आणि तुमच्यासारखं झालं तर?"

"माझ्यासारखं म्हणजे? त्यानंतर बावीस वर्षं गाडी चालवली मी. तीनदा परत आत लावावी लागली, लावली. वर्कशॉपात उभी आहे म्हणजे भंगारात काढली असं नसतं, बाई."

मी 'नाही'ला गोल केला. त्यांनी खाली तपासणाऱ्याची सही केली, डेपोत करायचे तशी, रेघ ओढून. मग आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. चारची वेळ मिळाली. नवऱ्याला मीच सांगितलं. तो म्हणाला, सुटलो की थेट तिथेच येतो.

आम्ही बसने गेलो. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि प्रत्येक थांब्याआधी त्यांचा उजवा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जात होता. मला हसू आलं. किती दिवसांनी, कोण जाणे.

दवाखान्यात बसल्यावर त्यांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि शेवटच्या ओळीसमोर खूण केली. कुणाशी तरी बोललो. वर झोपेपुढे 'दोष' होतं. खाली त्यांची सही होती आणि शेजारची चौकट कोरी.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी विचारलं, तेव्हापासून कोरीच?

"कोण करणार? मी आपला भरतो."

मी पेन मागितलं. आधी त्यांच्याकडे नीट बघितलं. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा राहून गेला होता, डोळे थकलेले होते, शर्ट इस्त्रीचा होता.

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"झोपेचं डॉक्टरांना कधी सांगणार?"

"आलोच आहोत तर... तुझं झालं की सांगतो."

मी सही केली. आतून मला बोलावणं आलं. दारातून वळून बघितलं तेव्हा एका हाताने बाळाला सांभाळत, दुसऱ्या हाताने ते कार्ड जुन्याच घडीवर दुमडत होते. मग त्यांनी ते खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.