गुरुवारच्या आठ नोंदी

सुचेताने लिफाफ्याच्या कडेला दुसऱ्यांदा डिंक लावला आणि झाकण दाबून धरलं. आत एकच कागद होता, पण त्यावर सदाशिव पागे हे नाव तीनदा आलं होतं. टपालाच्या ट्रेमध्ये तिने तो सगळ्यात खाली सरकवला, 'गोपनीय, दक्षता विभाग' ही बाजू पालथी करून.

पागे कोपऱ्यातल्या मशीनवर होते. साडेबाराला पाच कमी. त्यांनी दोन ओळी टाइप केल्या, स्क्रीन कोरा केला आणि चष्मा खिशात घातला.

"येतो गं जेवून. आज हॉस्पिटलचा नं?" त्यांनी फळ्याकडे पाहिलं.

"हो, काका."

"आधी बॅकअप घे. मग हात लाव."

"घेतलाय."

ती वायर आणायला आतल्या खोलीत गेली. ज्याला तोंडावर काका म्हणायचं त्याच्याविरुद्ध कागद करायचा, याची तिला लाज वाटत होती. पण संशय काही केल्या हटत नव्हता.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये चौदा राउटर होते. शाळा, गेस्ट हाउस, हॉस्पिटल, प्रत्येकाचा एक. कोणाला आत सोडायचं, कोणाला अडवायचं, हे सगळं त्यांच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं. त्याची प्रत काढून ठेवायची आणि दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, एकेकात हवा तो बदल करायचा, हे सुचेताचं काम. कोणत्या राउटरला हात लावणार ते सकाळीच फळ्यावर लिहायचं, ही पागेंनी घातलेली शिस्त. महिनाअखेर ते निवृत्त होणार आणि त्यांची खुर्ची तिला मिळणार. अर्थात प्रोबेशन धडपणे पार पडलं तर.

दोन महिन्यांपूर्वी एक नवं मशीन आलं. कोणी, कधी, कुठल्या राउटरला काय हुकूम दिला, त्याची नोंद ते ठेवायचं. त्यात तिला पागे सापडले. सात गुरुवारी, जेवायला जाण्याआधी, त्यांनी कुठल्या ना कुठल्या राउटरला तासाभराने आपोआप रीस्टार्ट होण्याचा हुकूम दिला होता आणि परत आल्यावर तो रद्द केला होता. याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नव्हते. रीस्टार्ट झाला की जतन न केलेलं सगळं राउटर विसरतो. असं विसरणं कोणाला हवं असतं? गेल्याच महिन्यात कुठल्याशा निविदेचे कागद बाहेर फुटल्याची कुजबुज होती. उद्या प्रकरण उघडलं तर पागे आनंद नगरच्या नव्या घरात झोपाळ्यावर बसलेले असणार आणि निस्तरायला सुचेता.

तिने एकदा आडून विचारलंही होतं, "लंचमध्ये राउटर आपोआप रीस्टार्ट होतात का हो कधी?"

"होऊ नयेत म्हणून तर आपण बसलोय," म्हणून ते हसले होते. त्या हसण्यावर तिचा जास्तच संशय बसला.

ती बाहेर आली तेव्हा पागेंची स्कूटर निघून गेली होती. एक वाजता तिने हॉस्पिटलचा राउटर उघडला. नवे नियम एकेक करून चढवले. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठला. पुन्हा आत जायला पाहिलं, तर दार बंद. बाहेरच्यांना अडवणाऱ्या नियमात आपल्या मशीनला आत सोडणारी ओळ घालायची राहून गेली होती, आणि हॉस्पिटलचा सर्व्हरही त्याच नियमात अडला होता.

फोन वाजला. "मॅडम, ओपीडी में पर्ची नहीं निकल रही. लंबी लाइन लगी है."

"दस मिनट, भैया."

बॅकअप तिच्याजवळ होता, पण तो परत चढवायला हॉस्पिटलच्या राउटरपर्यंत पोचायला हवं. राउटरच्या खोलीची किल्ली पागेंच्या जुडग्यात. तिने त्यांना मोबाइल लावला. तो त्यांच्याच खणात वाजायला लागला. प्रोबेशन गेलंच, आणि वर रांगेतली आजारी माणसं.

दीड वाजता राउटर आपोआप बंद पडला. चार मिनिटांनी उठला, तो सकाळसारखा, जुन्या नियमांसकट. नवे नियम तिने अजून जतन केलेच नव्हते. फोन आला, "हो गया, मॅडम. थँक यू."

तिने नोंदींचं मशीन उघडलं. बारा पंचवीस: पागे, हॉस्पिटल राउटर, दीड वाजता रीस्टार्ट. मग खणातून स्वतःच्या कामाची वही काढली. इतके दिवस ती पागेंच्याच नोंदी तपासत बसली होती. स्वतःची वही शेजारी ठेवून पाहावी, हे काही तिला सुचलं नव्हतं. गेस्ट हाउस, शाळा, पुन्हा गेस्ट हाउस. आठही गुरुवारी तिने ज्यावर काम केलं, तोच राउटर पागेंच्या नोंदीत होता.

ती उठून टपालाच्या ट्रेकडे धावली. लिफाफा तिथे नव्हता.

"झालं नं हॉस्पिटल?" पागे दारातून हेल्मेट काढत आत आले.

"अडकलं होतं. माझी चूक. दीडला आपोआप..." तिने नोंदींच्या मशीनकडे बोट केलं. "काका, मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं असतं तर दर वेळी बिचकली असतीस. आणि सवय लागली असती, काका आहेत म्हणून." ते खुर्चीत टेकले. "आता एक तारखेपासून तो रीस्टार्ट तूच लावत जा. काम सुरू करण्याआधी."

त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली.

"आणि हो, तुझं ते गोपनीय पाकीट. टपाल न्यायला तीनपर्यंत कोणी येत नाही. मला दक्षता विभागात जायचंच होतं, रिटायरमेंटचं ना-हरकत पत्र मागायला. पाकीट हातोहात देऊन आलो. ही घे पोच, सही घेतलीये."

"आणि पत्र?"

"देतील. सोमवारी या म्हणाले."

सुचेता पोचेवरच्या सहीकडे बघत राहिली. मग तिने कोरा कागद ओढला. आजची चूक वेळेसकट लिहिली, आठही तारखा लिहिल्या, आणि प्रत्येकीपुढे, त्या दिवशी त्या राउटरवर मी काम करत होते, असं लिहून खाली सही केली. लिफाफा घेतलाच नाही. कागद तिने उघडाच पागेंच्या टेबलावर ठेवला.

"काका, आधी हे वाचा. मग मी स्वतः दक्षता विभागात नेऊन देते."

पागेंनी खिशातून चष्मा काढला.