धुतलेली चादर

"टिक झालं की डावा पाय, टक झालं की उजवा. चला, आजी," टिकटिक्या म्हणाला.

मी पाय उचलला नाही. उचलणार होते, पण सून दारात वही घेऊन उभी होती.

"काय लिहितेस गं?"

"तुमची पावलं, आई."

"पावलं मोजायला मी काय नवी नवरी आहे?"

टिकटिक्या हसला. सून हसली नाही.

डॉक्टर माझ्या दुखण्याला पार्किन्सन म्हणतात. हात कापतात आणि उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. कानावर ताल पडला की ते सुटतात म्हणे, म्हणून हा व्यायाम शिकवणारा पोरगा टिकटिक करणारं खोकं घेऊन येतो; मी त्याला टिकटिक्याच म्हणते. चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या मी, याच पायांवर उभं राहून. मला चालायला शिकवतोय!

वही कशासाठी ते मला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात न्हाणीच्या दारात पडले, तेव्हा लेक म्हणाला होता, "आई, आणखी एकदा पडलीस तर तुला आश्रमात ठेवावं लागेल. आम्ही दोघं लाँड्री सांभाळू की तुला?" त्याचाच पुरावा जमवत होती बया.

रोजच्या सरावासाठी तो ठेवून गेलेलं खोकं मी उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात कोंबलं. टिकटिक करायला मी काय घड्याळ आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या दारात पाय चिकटले. हाक मारली असती तर वहीत गेलं असतं. भिंत धरून उभी राहिले. तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला. धप्प, धप्प, धप्प. सून धोंड्यावर कपडा आपटत होती. घरात दोन मशिनं असताना!

"अगं, बडवतेस काय? वैरी आहे का तो?" मी आतूनच ओरडले. "दोनदा आपटायचं, मग श्वास घ्यायचा!"

धप्प, धप्प, श्वास. धप्प, धप्प, श्वास. भानावर आले तेव्हा मी न्हाणीत होते.

मग रोज तेच. मी उठले की धप्प सुरू. एवढं काय धुते ही? चौथ्या दिवशी ती आत गेल्यावर मी धोंड्यापाशी गेले. इस्त्री होऊन तयार झालेल्या कपड्याला आम्ही कोपऱ्यात हिरवा दोरा बांधतो. ओल्या चादरीला तो तसाच होता. मधोमध चादर विरत आली होती.

त्या दुपारी टिकटिक्या आला. "आजी, खोकं वापरता ना रोज?"

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "वापरतात की. न चुकता."

मी तिच्याकडे पाहिलं. ती वहीत बघत होती.

संध्याकाळी मी माझी जुनी ठिगळाची चादर काढली आणि धोंड्यावर नेऊन ठेवली. गिऱ्हाइकाची कशाला फाडायची?

सकाळी धप्प झालं. मी डावा पाय उचलला.