पाचवी नळी
ताईची सगळी उमर रक्तात गेली. घोडा, डुक्कर, ससा, मेंढी आणि माणूस, पाचही जणांच्या प्लेटलेटमधलं एक एन्झाइम किती जोरात चालतं ते मोजायचं, हेच तिचं काम. माणसाचं तरतरीत, मेंढीचं महाआळशी.

माणसाचं रक्त तिचा धाकटा भाऊ द्यायचा. "जनावरांत पाचवा मी!" म्हणत बाही वर सारायचा. दुसरं कुणी रक्त द्यायला आलं की ताई आधी उलटतपासणी घ्यायची, दुखण्यावरची गोळी घेतली का म्हणून. त्या गोळीने हे एन्झाइम पार झोपतं, मग रक्त लवकर थांबत नाही. भावाला काय विचारायचं? तो तर घरचाच!

या खेपेला त्याचा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी टॉन्सिल काढायचे होते. "आज तू घे, उद्या डॉक्टर घेतील," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि खो खो हसला.

त्याच्या रक्ताचा आकडा आला तो मेंढीच्याही खाली. ताईचं डोकंच फिरलं.

"मास्तर, नळ्यांची अदलाबदल केलीत ना?"

मास्तर म्हणजे शेजारच्या टेबलावरचा तिचा सोबती. बिचारा गडबडला. "नाही हो ताई! तसं असतं तर मेंढीचा आकडा चढला असता. तो आहे तिथेच आहे."

"मला शिकवू नका!" म्हणत तिने भावाची नळी ओतून टाकली. मेलीचा राग नेहमी अकलेच्या पुढे धावायचा!

दुसऱ्या दिवशी तिने मेंढीचं ताजं रक्त लावलं. आकडा तोच, आळशी. म्हणजे मास्तर खरं बोलत होता. मग भावाचं एन्झाइम झोपलं कशाने? ताईला ती गोळी आठवली. तिने आईला फोन लावला.

"त्याला आत नेलंय गं," आई म्हणाली.

ताई अंगावरच्या कोटानिशी धावत सुटली.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर मान खाली घालून उभे होते. "प्लेटलेटची संख्या बरोबर होती हो. पण रक्त थांबेचना. नाही वाचवू शकलो."

आई बाकावर बसून होती. "घसा ठणकायचा त्याचा. मीच देत होते डोकेदुखीवरच्या गोळ्या. डॉक्टरांनी औषधांचं विचारलं, पण त्या साध्या गोळ्यांचं काय सांगायचं, असं वाटलं मला." तिने ताईचा हात धरला. "तुला सांगितलं असेल ना गं त्याने?"

"नाही," ताई म्हणाली. "मी विचारलंच नाही."