अडतीस मिनिटं

मुलाखतीचा चौथा प्रश्न चालू असताना धाकटीच्या कॉम्प्युटरवरची तीन माणसं एकाएकी थिजली. मधल्या बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि डावीकडच्या गृहस्थांचा पेन हवेतच थांबला. खाली कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर फुली आली होती.

 धाकटीने वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं. घरचं नेटवर्क यादीत दिसत होतं, पण त्यावर बोट ठेवलं की यंत्र मिनिटभर विचार करायचं आणि सांगायचं, ‘जोडता येत नाही.’ कॉम्प्युटर बंद करून परत लावला, तरी तेच. शेजारी पडलेल्या मोबाईलवर मात्र तेच नेट सुरळीत चालू होतं. पण निम्मी मुलाखत रुग्णालयाच्या प्रणालीत नोंदी करून दाखवायची होती आणि ती प्रणाली मोबाईलवर उघडत नव्हती. मोबाईलवरून कॉम्प्युटरला नेट देता येतं, हे तिला त्या दिवशी माहीत नव्हतं. शेवटी तिने कार्यालयात फोन लावला.

“प्रत्येकाला चाळीस मिनिटं दिली आहेत बाई,” पलीकडून उत्तर आलं. “तुमच्यासाठी पुढचा उमेदवार ताटकळत ठेवता येणार नाही.”

पुढचा उमेदवार म्हणजे तिची थोरली जाऊ. ती त्याच घराच्या वरच्या मजल्यावर केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसली होती.

दोघी जावा एकाच रुग्णालयाच्या नोंदी विभागात कामाला होत्या. थोरली आधी लागली होती आणि तिनेच शब्द टाकून धाकटीला घेतलं होतं. पाच-सहा वर्षांत धाकटीचा हात असा बसला की डॉक्टरसुद्धा जुनी फाईल हवी असली की तिलाच विचारायचे. विभागप्रमुखाची जागा निघाली तेव्हा दोघींनीही अर्ज केला. थोरलीने हसून सांगितलं होतं, “तुला मिळाली काय नि मला मिळाली काय, घरातच राहणार ना?”

ती थोरलीला मिळाली.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी थोरली खाली आली होती, धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “जुना झालाय गं तुझा कॉम्प्युटर. मी सांगत नव्हते? असं होतं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस.”

सासूबाई धाकटीकडेच खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनीही समजूत घातली. “तुमचं ते वायफाय रुसकंच आहे मुळी. माझ्या मोबाईलवर भजन लावलं की नेमकं मधेच गप्प बसतं.”

पण कॉम्प्युटर त्याच दिवशी दुपारी आपोआप जोडला गेला आणि पुन्हा एकदाही तुटला नाही. ही गोष्ट धाकटीच्या डोक्यात कुसळासारखी अडकून बसली. ती यंत्र घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने ते उघडून पाहिलं, वायफायचं कार्ड काढून परत बसवलं, तासभर चालवून बघितलं आणि तिच्या हातात परत दिलं.

“यात काही खोट नाही. मोबाईल चालत होता म्हणता, म्हणजे नेटही होतं. मग तुमच्याच यंत्राला कुणीतरी दार लावून घेतलं असणार. राऊटर कुणाच्या हातात असतो तुमच्याकडे?”

राऊटर वरच्या मजल्यावर, थोरलीच्या जिन्यातल्या भिंतीवर होता.

धाकटी घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. नुसत्या संशयावर घरात आग लावायची तिची तयारी नव्हती. ती शिकायला बसली. राऊटर म्हणजे काय, प्रत्येक यंत्राचा स्वतःचा एक पत्ता असतो तो कसा ओळखायचा, एकाच वाटेवर शेजाऱ्यांची नेटवर्कं गर्दी करतात तेव्हा काय करायचं, हे सगळं तिने नोंदी शिकली तशाच चिकाटीने घोटलं. चार महिन्यांत अख्ख्या आळीची अडचण तिच्या दारात येऊ लागली. कुणाचा प्रिंटर सापडत नव्हता, कुणी पासवर्ड विसरलं होतं, कुणी राऊटर लोखंडी कपाटात ठेवून वर ‘रेंज येत नाही’ म्हणून कंपनीला शिव्या घालत होतं.

मग एके दिवशी थोरले दीर स्वतःच जिन्यात उभे राहून हाक मारू लागले.

“अगं, जरा वर येतेस? सामना बघताना चेंडू टाकतो एक नि दिसतो भलताच. पासवर्ड देतो, तू आत शिरून बघ.”

“आले भावजी,” ती म्हणाली.

थोरली बाजारात गेली होती. धाकटीने जिन्याच्या पायरीवर बसून आपल्या मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं. शेजारच्या चार घरांची नेटवर्कं एकाच वाटेवर दाटली होती. तिने घरचं नेटवर्क मोकळ्या वाटेवर टाकलं. ते काम दोन मिनिटांचं होतं. मग तिने जुन्या घडामोडींची नोंद उघडली आणि खाली खाली जात मुलाखतीच्या तारखेपाशी थांबली.

अकरा वाजून चौदा मिनिटांनी एक कॉम्प्युटर अडवला होता. पत्ता तिच्याच यंत्राचा होता, तो तिला पाठ होता. अकरा बावन्नला अडवणूक काढली होती. थोरलीची मुलाखत बाराला होती. हे ज्या मोबाईलवरून केलं त्याचंही नाव तिथे होतं, आणि थोरलीचा तो मोबाईल रोज संध्याकाळी खाली सासूबाईंच्या पलंगाशेजारी चार्जिंगला लागायचा, कारण वरचा चार्जर कधी सापडत नसे.

धाकटीने त्या पानाचा फोटो घेतला. 

“झालं का गं?” दीर आतून ओरडले.

“झालं भावजी. आता चेंडू वेळेवर येईल.”

तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तडक वर गेला असता, आरडाओरडा झाला असता, थोरली रडली असती, आणि आठ दिवसांनी सगळे म्हणाले असते, जाऊ दे, घरातलीच आहे. धाकटीला जाऊ द्यायचं नव्हतं. अडतीस मिनिटं तिने मनात नीट घडी घालून ठेवली आणि वाट बघत राहिली.

वेळ आली ती रंगकामामुळे. नोंदी विभागाच्या भिंती रंगवायला काढल्या आणि आठवडाभर सगळ्यांना घरून काम दिलं. त्याच आठवड्यात नव्या नोंदपद्धतीची माहिती थोरलीने संचालकांना आणि तिन्ही शाखांना द्यायची होती. त्यातले तक्ते धाकटीने केले होते. थोरलीने पहिल्या पानावर फक्त स्वतःचं नाव घातलं होतं.

सभा अकराला होती. धाकटी खाली आपल्या टेबलाशी, कॅमेरा बंद करून, बाकीच्या कर्मचाऱ्यांसारखी हजर होती. वर थोरली नवी साडी नेसून बसली होती. तिने सगळ्यांना नमस्कार केला, घसा साफ केला आणि म्हणाली, “आमच्या विभागात गेले चार महिने मी एका गोष्टीवर खूप मेहनत...”

अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. धाकटीने मोबाईलवर राऊटरच्या पानावरच्या एका ओळीपुढे बोट टेकवलं. थोरली तोंड उघडं ठेवून थिजली, आणि मग तिची चौकट काळी झाली.

जिन्यावरून हाक यायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“अगं, ये लवकर! माझं नेट गेलं!”

धाकटी एकेक पायरी चढत वर गेली.

“मोबाईलवर येतंय,” थोरलीच्या कपाळावर घाम होता. “कॉम्प्युटरवरच येत नाही, नि तक्ते सगळे त्यावर. असं कसं गं?”

“असं होतं कधी कधी, ताई,” धाकटी म्हणाली. “बघू.”

मग तिने एकही पायरी न गाळता सगळं केलं. वायफाय बंद केलं, चालू केलं. विमान मोड तपासला. नेटवर्क यंत्राच्या यादीतून पुसून टाकलं आणि थोरलीला पासवर्ड नव्याने घालायला सांगितला. थोरलीची बोटं चुकत होती, तिसऱ्यांदा बरोबर पडला. ‘जोडता येत नाही.’ मग यंत्र बंद करून चालू केलं, तर त्याला नेमकं तेव्हाच स्वतःला अद्ययावत करायचं सुचलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. थोरली खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

“किती वेळ लागेल?”

“त्याच्या मनावर आहे.”

“राऊटर बंद करून बघू का?”

“मोबाईल चालतोय ना? म्हणजे राऊटरला काही झालेलं नाही.” यातला शब्द न् शब्द खरा होता. मोबाईलवरून नेट देता येतं, एवढं मात्र तिने सांगितलं नाही. मुलाखतीच्या दिवशी तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

थोरलीचा मोबाईल वाजला. संचालकांच्या सचिव होत्या. सगळे थांबले आहेत, संचालकांना साडेबाराला दुसरीकडे जायचं आहे, काय करायचं? थोरलीने “एकच मिनिट” म्हणून फोन छातीशी धरला आणि धाकटीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

“तुझं खाली चालतंय?”

“चालतंय.”

“तक्ते आहेत तुझ्याकडे?”

“मीच केलेत, ताई.”

 “मग तू बोल. पाया पडते तुझ्या, तू बोल. माझी लाज राख.”

सव्वाअकराला धाकटीने कॅमेरा लावला. ती तयारी करून बसली नव्हती, पण तिला तयारीची गरजच नव्हती. एकाच रुग्णाच्या तीन नावांनी तीन फायली कशा होतात, त्या कशा ओळखायच्या, चुकीच्या फाईलमुळे चुकीचं औषध जाता जाता कसं वाचलं, हे तिने जसं घडलं तसं सांगितलं. एका शाखेच्या डॉक्टरांनी आडवा प्रश्न टाकला. तिने तक्ता उघडून तिथल्या तिथे उत्तर दिलं. संचालक म्हणाले, “हे काम कुणाचं आहे?”

“माझं,” धाकटी म्हणाली.

अकरा चाळीसला, दुसऱ्या शाखेचं कुणीतरी आभार मानत असताना, तिने टेबलाखाली मोबाईलवर अडवणूक काढली. अडतीस मिनिटं झाली होती. मिनिटभरात थोरलीची चौकट उजळली. घाम पुसल्याने तिचं कपाळ लाल झालं होतं.

“अरे, आल्या का तुम्ही?” संचालक म्हणाले. “काही हरकत नाही. यांनी सगळं छान सांगितलं. आता तुम्ही वेगळं काही बोलायची गरज नाही.”

सभा संपल्यावर धाकटी पुन्हा वर गेली. थोरली तशीच बसून होती.

“वाचवलंस गं,” ती म्हणाली.

धाकटीने मोबाईल तिच्यासमोर धरला. “हे वाचा.”

थोरलीने वाचलं. तारीख, वेळ, पत्ता, मोबाईलचं नाव. पहिल्यांदा तिला कळलं नाही, मग कळलं, आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. खालच्या मजल्यावर सासूबाईंचं भजन चालू होतं.

“आज तू... तूच केलंस?”

“हो. अडतीस मिनिटं. एक मिनिट जास्त नाही.”

“तुला मी कामाला लावलं,” थोरली एकदम उसळली. “माझ्या शब्दावर लागलीस तू! नि पाच वर्षांत सगळे माझ्या टेबलावरून तुझ्याकडे जायला लागले. उद्या तुझ्या हाताखाली बसून मी रजेचा अर्ज द्यायचा होता? या घरात? काय तोंड दाखवलं असतं मी?”

“हे मला तेव्हा सांगितलं असतंत तर कदाचित मी अर्जच मागे घेतला असता,” धाकटी म्हणाली. ते खरं होतं की नाही हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. “तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात, ताई. ते मी विसरणार नाही.”

“मी संचालकांना सांगेन, तू सभा पाडलीस म्हणून.”

“सांगा ना. मी फोटो दाखवते. दोघी मिळून घरी बसू. मला चालेल.”

 थोरली घाबरली आहे हे दिसत होतं, आणि ते बघताना धाकटीला जे वाटलं ते सुखच होतं. पुढेही तिने ते स्वतःपासून लपवलं नाही.

घरात कुणाला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालंय हे सगळ्यांना कळलं. धाकटीने खालच्या मजल्यासाठी वेगळं नेट घेतलं. “एका घराला दोन दोन वायफाय कशाला?” म्हणून नवरा कुरकुरला, सासूबाईंनी मात्र पासवर्ड वहीत लिहून घेतला आणि वरचं नेट कधी मागितलं नाही. थोरलीचा मोबाईल संध्याकाळी खाली चार्जिंगला यायचा बंद झाला.

दोन महिन्यांनी तिसऱ्या शाखेत नोंदी विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. त्या शाखेच्या डॉक्टरांनी स्वतःहून फोन करून धाकटीला अर्ज करायला सांगितलं. अर्जावर सध्याच्या विभागप्रमुखाचा शेरा आणि सही लागणार होती.

धाकटी कार्यालयात थोरलीच्या खोलीत गेली आणि फॉर्म टेबलावर ठेवला. थोरलीने तो अथपासून इतिपर्यंत वाचला. मग टोपण काढून शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘काम समाधानकारक.’

“हा शब्द नाही, ताई,” धाकटी उभ्या उभ्या म्हणाली. “दुसरा लिहा.”

थोरलीने वर पाहिलं. बाहेर टेबलांवर चारजणी काम करत होत्या, दार उघडं होतं. तिने ‘समाधानकारक’वर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘उत्कृष्ट.’

“खाडाखोड केलेला फॉर्म घेत नाहीत,” धाकटी म्हणाली. तिने पिशवीतून दुसरा, कोरा फॉर्म काढला आणि थोरलीसमोर सरकवला.