पहिल्या नंबरचं पान

सोनालीनं पार्सलवर चिकटपट्टी ओढली, दातानं तोडली आणि मगच दुकानाच्या मोबाइलकडं बघितलं. दोन मेसेज होते. पहिला साडेअकराचा: 'तुमच्या वेबसाइटवर वाचून बाळाला घोंगडीत गुंडाळलंय. नऊ महिन्यांचा आहे. ताप एकशे दोन. बरोबर करतेय ना?' दुसरा बारा दहाचा: 'घाम येत नाहीये. अजून किती वेळ ठेवू?'

भिंतीवरच्या घड्याळात एकला पाच कमी होते. मे महिना, जुळे सोलापूर, वर पत्रा. दुकानातला पंखा गरम वाराच इकडून तिकडं ढकलत होता. अशा उन्हात मोठ्या माणसाला अंगावर साधी चादर नको होते, आणि तिकडं नऊ महिन्यांचं लेकरू घोंगडीत!

"अहो, इकडं या. लवकर या."

मल्हार, तिचा नवरा, दारात उभा राहून कुणाला तरी फोनवर सांगत होता, की आपल्या वेबसाइटचं पान आज सकाळी गुगलवर एक नंबरला आलं. त्यासाठी आणलेला पेढ्यांचा पुडा टेबलावर उघडाच होता. तो हसत हसतच आत आला आणि त्यानं मेसेज वाचले.

"मग? येईल घाम म्हणून सांग की."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? तापलेलं पोर आहे ते!"

तिनं नंबर लावला. रिंग पूर्ण वाजली आणि थांबली. पुन्हा लावला. चार वेळा लावला. मग लिहिलं, 'घोंगडी आत्ताच्या आत्ता काढा. डॉक्टरकडे न्या.' मेसेज पोचल्याच्या दोन खुणा उमटल्या, पण त्या निळ्या काही होईनात.

मागं खोलीच्या कोपऱ्यात मायाक्का, मल्हारची आई, नव्या घोंगडीच्या दशा वळत बसली होती. तिनं मान वर केली.

"काय झालं गं?"

"काही नाही, आत्या."

काही नाही कसं? सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या वेबसाइटवर दिवसाला दहा माणसं फिरकत नव्हती. सांगोल्याकडून घोंगड्या यायच्या आणि घड्या घालून पडून राहायच्या. मग सोनालीनं एक क्लास केला. क्लासमध्ये सांगितलं, की तुम्हाला काय विकायचंय ते राहू द्या, लोक काय शोधतात ते बघा आणि त्यावर ब्लॉग लिहा. तिनं यादी काढून बघितली. घोंगडी कोण शोधतंय? 'बाळाचा ताप घरगुती उपाय' असं मात्र बाया रोज हजारोंनी विचारत होत्या. तिनं सासूला बोलतं केलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि एका दुपारीत लेख लिहून टाकला. वर मायाक्काचा फोटो लावला. ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. खाली 'मायाक्का सांगतात'. स्वतःचं नाव कुठंच घातलं नाही, कारण गावाकडच्या आजीचं नाव असलं की लोकांचा विश्वास बसतो. आता बसला होता. चांगलाच बसला होता.

"या नंबरवरनं ऑर्डर आली होती का बघा. कुठली होती?" तिनं विचारलं.

मल्हारनं लॅपटॉपवर शोधलं. "शुभदा म्हणून आहेत. अकलूज. डेअरीच्या मागं. सोमवारी बाळघोंगडी पोचलीय."

"अकलूजच्या कुरियरवाल्या बिभीषणभाऊंनी दिली असेल. त्यांना घर माहीत असणार. लावा त्यांना."

बिभीषण जेवायला बसला होता. ताट तसंच ठेवून तो गाडीवरून निघाला. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला.

"वैनी, घराला कुलूप हाय. शेजारीण म्हणती, पोरानं डोळं फिरवलं, म्हणून रिक्षात घालून नेलंय."

"कुठल्या दवाखान्यात?"

"ते तिला ठावं न्हाय. हितं चार-पाच हायेत. बघत जातो एकेक."

सोनाली स्टुलावर बसली. मल्हारनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि हळूच म्हणाला, "आपल्यावर काय येणार नाही ना?"

तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो उठून पाणी प्यायला गेला.

दोन वाजले. सव्वादोन झाले. एक गिऱ्हाईक आलं, भाव विचारून गेलं. काय भाव सांगितला, ते सोनालीला आठवेना. मायाक्काचे हात केव्हाच थांबले होते.

"कुणाचं लेकरू हाय?" तिनं विचारलं. "मला कुनी काय सांगंल का?"

तेवढ्यात फोन वाजला. शुभदाचाच. सोनालीनं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, मी अकलूजहून बोलतेय." आवाज रडून बसलेला होता. "बाळाला झटका आला होता हो. आता सलाइन लावलीय. आत्ताच डोळे उघडले त्यानं, माझ्याकडं बघितलं. तुमचे एवढे फोन आलेले दिसले, मेसेज अजून वाचलेच नाहीत, म्हटलं आधी कळवावं."

"देवा," सोनाली म्हणाली.

"डॉक्टर खूप ओरडले मला. पण तुम्ही काळजी करू नका. आणि त्या आजींना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही. मीच नीट गुंडाळलं नसेल. घरात मोठं कुणी नाही ना. मला मेलीला काही जमतच नाही."

सोनालीनं तोंड उघडलं. समोर मल्हार हात हलवून नको, नको म्हणत होता.

"बाळाला जपा," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

"कोन आजी?" मायाक्कानं विचारलं.

सोनालीनं मोबाइल पालथा ठेवला.

"माज्या फोटूखाली काय लिवलंय ते वाच."

तो फोटो मायाक्कानं भावकीत सगळ्यांना दाखवला होता, लग्नाकार्यात मोबाइल पुढं करकरून. खालचं कधी कुणाकडून वाचून मात्र घेतलं नव्हतं. सुनेनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

सोनालीनं वाचलं, "'बाळाला ताप आला, की मायाक्का त्याला घोंगडीत घट्ट गुंडाळतात. घाम सुटला, की ताप उतरलाच म्हणून समजा.'"

"अगं बया! आसं मी कवा म्हनले गं?"

सोनालीनं मोबाइलमधलं ते जुनं रेकॉर्डिंग काढून लावलं. मागं मेंढरांचा आवाज आणि त्यात मायाक्काचा: 'पावसात भिजून गारठलेलं कोकरू आसतंय बग, त्येला घोंगडीत घालायचं, चुलीजवळ ठिवायचं. पोरगं गारठलं तरी तसंच.' मग सोनालीचा: 'आणि ताप आला तर, आत्या?' आणि पुन्हा मायाक्का, हसत: 'तापात कशाला घोंगडी? येडी का काय! अंगावरचं सगळं काढायचं, वल्ल्या फडक्यानं पुसायचं अन् दवाखाना गाठायचा.'

गारठा कुणी शोधत नव्हतं. म्हणून तिनं कोकरू काढलं आणि ताप घातला. शेवटच्या वाक्यात विकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते गाळलं. एवढंच केलं होतं तिनं.

"त्यो फोटू काढ तितनं," मायाक्का म्हणाली.

"फोटो कशाला, पानच काढून टाक," मल्हार म्हणाला. "कटकट नको."

सोनाली लॅपटॉपसमोर बसली. पान काढण्याआधी तिनं एकदा तेच शब्द टाकून शोधलं. पहिलं पान त्यांचं होतं. दुसऱ्या वेबसाइटवर तिचीच वाक्यं होती, स्वल्पविरामासकट उचललेली. तिसऱ्यावरही तीच, 'गावाकडच्या आजी सांगतात' म्हणून. आपलं निघालं की ही वर सरकणार.

"पान काढायचं नाही," ती म्हणाली.

"मग?"

"बाया इथंच येणार आधी. आल्या की त्यांना खरं सांगायचं."

"म्हणजे घोंगडीच्या दुकानात बसून घोंगडी काढा म्हणून सांगायचं? निम्म्या ऑर्डरी या पानावरनं येतात, सोनाली. पेढे आणलेत मी सकाळी!"

"माहितीये."

मल्हारनं पेढ्यांचा पुडा बंद केला आणि फळीवर ठेवला.

सोनालीनं जुना मजकूर पुसला. ऑर्डरचं बटण काढलं. रेकॉर्डिंग थांबवत, पुन्हा लावत ती लिहू लागली. मायाक्का उठून तिच्यामागं येऊन उभी राहिली.

"वाच."

"'बाळाला ताप आला असेल, तर अंगावरची घोंगडी आधी काढा. ओल्या फडक्यानं अंग पुसा आणि दवाखान्यात न्या.'"

"दवाखाना आदी घाल. फडकं मागनं."

सोनालीनं बदललं. मायाक्कानं पुन्हा वाचायला लावलं, पहिल्यापासून. ऐकताना तिचे ओठ हलत होते.

"फोटो काढू ना, आत्या?"

मायाक्का पडद्यावरच्या स्वतःकडं बघत राहिली.

"आता ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पर खाली तुजं नाव घाल. लिवनारीचं."

सोनालीनं नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट. पान चढवलं आणि मोबाइल उचलला. मल्हारनं या वेळी हात हलवला नाही. तो दाराकडं तोंड करून उभा होता.

पहिल्याच रिंगला तिकडून आवाज आला.

"शुभदाताई," सोनाली म्हणाली, "ते आजींनी सांगितलेलं नव्हतं."