दोन भाग धाकट्याचे

मेकॅनिकने मोटरसायकलच्या मागच्या चाकावरची चेन चिमटीत धरून ओढली, तशी ती स्प्रॉकेटच्या दातांपासून चांगली बोटभर सुटून आली. ती सोडून देऊन त्याने थोरल्याकडे पाहिले. थोरल्याचे काम दिवसभर काचेच्या बाटल्या उजेडासमोर धरून त्यांतल्या चिरा आणि बुडबुडे शोधण्याचे. समोर दाखवलेला दोष नाकारणे त्याच्या स्वभावात बसत नव्हते.

“चेन-सेट गेला,” मेकॅनिक म्हणाला. “क्लच प्लेटा गेल्यात. टायमिंग चेनही बदलायला झालीय, इंजिन उघडायचंच आहे तर उरकून टाकू. पुढच्या शॉकॅबचे सील, ऑइल, व्हॉल्व्ह... ऐंशी हजार किलोमीटर झाले, भाऊ. गाडीची साठी उलटली म्हणा.”

“आणि नाही केलं तर?”

“चालेल की. बंद पडेपर्यंत.”

त्याने सांगितलेला खर्चाचा आकडा थोरल्याच्या निम्म्या पगाराला जाऊन भिडत होता. थोरल्याने एकेक काम पुन्हा वदवून घेतले, प्रत्येकाची उलटतपासणी केली, आणि अर्ध्या घटकेच्या झुंजीनंतर सीटचे नवे कव्हर तेवढे वगळण्यात त्याला यश आले.

“ठरलं की संध्याकाळी लावून जा,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला. “व्हॉल्व्ह थंड इंजिनवरच जुळवावे लागतात. रात्रभर निवू दे, सकाळी हात घालतो.”

ठरवणे मात्र एकट्या थोरल्याच्या हाती नव्हते. वडिलांच्या पश्चात दोघा भावांनी निम्मेनिम्मे घालून ती मोटरसायकल घेतली होती. बाटल्यांच्या कारखान्याची भट्टी कधी विझत नसे, म्हणून कामही थांबत नसे. थोरला दिवसपाळीला, तर धाकटा रात्रपाळीला. सकाळी थोरला गाडीवरून फाटकाशी येई आणि रात्र संपवून बाहेर पडलेला धाकटा तीच गाडी घेऊन घरी जाई. संध्याकाळी हाच व्यवहार उलट होई. लग्नानंतर धाकटा पुलापलीकडच्या खोलीत राहायला गेला होता. त्यामुळे भेट म्हणावी तर ती एवढीच, फाटकाशी, टपरीवर एक चहा दोघांत पिऊन होईपर्यंतची.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने चहाचा कागदी पेला धाकट्याच्या हाती दिला आणि त्याबरोबरच विषयाला हात घातला. आजवर दुरुस्तीचा खर्च निम्मानिम्मा होई, हे मान्य. परंतु गेल्या वर्षापासून धाकटा दुपारी पार्सले पोचवण्याचे काम करीत होता, आणि ते किलोमीटर सामाईक म्हणता येणार नाहीत. सबब दोन भाग त्याचे, एक भाग आपला.

“दादा, रात्रभर भट्टीसमोर होतो,” धाकटा जांभई आवरत म्हणाला. “आता भागाकार नको.”

“भागाकार नव्हे, प्रमाण आहे.”

“आणि तू वहिनीला, पोरींना, वर गॅसची टाकी घेऊन फिरतोस ते? शॉकॅब काय माझ्या पार्सलांनी बसले? औषधाच्या गोळ्या असतात त्यात!”

भोंगा झाला आणि सुनावणी संध्याकाळवर गेली. संध्याकाळची सकाळवर. पाच मिनिटांच्या बैठकांमधून तो वाद तीन-चार दिवस पुढे सरकत राहिला. थोरला दिवसभर बाटल्या फिरवता फिरवता मुद्दे रचत असे. वजनाने शॉकॅब झिजतो, पण क्लच झिजतो तो थांबण्या-निघण्याने, आणि दारोदार थांबतो कोण? पार्सलवाला. हा मुद्दा सुचला त्या दुपारी त्याने तीन निर्दोष बाटल्या फोडायच्या पेटीत टाकल्या. हे लक्षात आले तेव्हा त्याला बरे वाटले नाही. पण मुद्दा बिनतोड होता.

घरी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होती. त्याने तिला सगळी मांडणी ऐकवली.

“म्हणजे फरक पडतो तो किती?” तिने विचारले.

त्याने सांगितले. धाकट्या मुलीच्या शाळेच्या बुटांएवढा तो फरक होता.

“मग बूट पुढच्या महिन्यात घेऊ.”

“प्रश्न पैशांचा नाही. न्यायाचा आहे.”

“असेल बाई. भावाशी भांडायला एवढे मुद्दे निघतात, माझ्याशी बोलायला दिवसाकाठी चार शब्द निघत नाहीत.”

“हे भांडण नव्हे. वाद आहे.”

“हे तुम्हाला ठाऊक,” ती म्हणाली, “त्याला आहे का?”

दिवसभर उजेडाकडे पाहून त्याचे डोळे चुरचुरत होते. त्याने ते मिटून घेतले.

पुढच्या संध्याकाळी थोरल्याने क्लचचा मुद्दा मांडला. धाकट्याने पेल्याची कड नखाने सोलून काढली. मग म्हणाला, “बरं. तुझंच खरं.”

“नुसतं बरं म्हणू नकोस. चूक दिसत असेल तर दाखव.”

“नाही दिसत, दादा.” त्याने पेला कचऱ्याच्या पेटीत टाकला. “जातो. हजेरी लावायचीय.”

थोरल्याने त्याच संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये लावली. अनेक वर्षांत आपले म्हणणे कोणी इतके सरळ मान्य केल्याचे त्याला आठवत नव्हते. त्या समाधानात तो घरापर्यंत चालत गेला, आणि घरी पोचेतो त्याचे पाय इतके भरून आले की जेवताना समाधानाचा विसर पडला.

सकाळी बस उशिरा आली. तो फाटकाशी पोचला तेव्हा रात्रपाळी पांगून गेली होती. संध्याकाळीही आत येणाऱ्यांच्या लोंढ्यात धाकटा दिसला नाही. आपला एक भाग खिशात घालून तो तसाच गॅरेजवर गेला.

गाडी दाराशी उभी होती. मेकॅनिकने चालू करून दाखवली. जुना खडखडाट नाहीसा झाला होता; इंजिन स्वतःशीच गुणगुणावे तसे चालत होते. थोरल्याने पैसे पुढे केले.

“मिटले की ते,” मेकॅनिक म्हणाला. “भाऊ दुपारी येऊन देऊन गेला.”

“त्याचे दोन भाग. हा माझा.”

“भागबिग मला माहीत नाहीत. सगळे दिले त्याने. आणि माझ्याकडे ती जुनी काळी गाडी पडून होती ना, ती घेऊन गेला हप्त्यांवर. मी म्हटलं, अरे, आत्ता तर ही नव्यासारखी झालीय, हिच्यावर एवढा खर्च केलास, मग ती कशाला? तर म्हणाला, ही दादाची.”

थोरल्याने नोटा पुन्हा घडी करून खिशात ठेवल्या. मग काढल्या, आणि पुन्हा ठेवल्या.

“आवाज ठीक आहे ना?” मेकॅनिकने विचारले.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर फाटकाशी जाऊन उभा राहिला. रात्रपाळी सुटली. माणसे डोळे चोळत, खांदे पाडून बाहेर पडू लागली, आणि त्यांत धाकटाही आला. काळी गाडी कुंपणाला लागून उभी होती.

“कशी झाली सर्व्हिस?” धाकट्याने विचारले.

“उत्तम. ऐक.” थोरल्याने घसा साफ केला. “तुझे किलोमीटर बहुतेक भरदुपारचे. रस्ते मोकळे असतात. मी सकाळ-संध्याकाळ गर्दीत जातो, पाऊल टाकावं तशी गाडी पुढे घेतो, क्लच सारखा अर्धा दाबलेला. म्हणजे प्लेटा माझ्याच पायी—”

“माझ्याच हाती म्हण. क्लच हाताने दाबतात.”

“बरं, हाती. शॉकॅब तर माझ्या संसाराने बसले, ते तूच म्हणाला होतास. तेव्हा निम्मे तरी माझ्याकडे येतात. न्यायाने पाहिलं तर निम्म्याहून जास्त.” आणि त्याने नोटा पुढे केल्या.

धाकटा त्या नोटांकडे पाहत राहिला. रात्रीच्या धगीने त्याचा चेहरा अजून तांबूस होता.

“इतके दिवस तर तू उलट सांगत होतास.”

“तेव्हा मी चुकत होतो.”

हे वाक्य थोरल्याच्या तोंडून ऐकण्याची त्या घरात कोणालाच सवय नव्हती. धाकट्याने क्षणभर मान वर केली. पण हात पुढे केला नाही.

“राहू दे, दादा.”

“का राहू दे? रागावला आहेस?”

“रागावलो असतो तर निम्मेच दिले असते, आणि भांडलो असतो वर.” त्याने कुंपणावरचे हेल्मेट उचलले. “तुझं पटलं मला. दोघांची गाडी म्हटलं की किलोमीटर मोजणं आलंच. तू मोजलंस त्यात काही चूक नाही. मला नाही मोजायचं, एवढंच.”

थोरल्याने तोंड उघडले. या विधानात एक फट असणार, ती कुठे आहे हे त्याला नेहमी एका दृष्टिक्षेपात दिसे. या वेळी दिसली नाही. चहावाल्याने नेहमीचा एक पेला फळीवर आणून ठेवला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आत पहिला भोंगा झाला. दिवसपाळीची माणसे थोरल्याला वळसा घालून फाटकातून जाऊ लागली. एकाने त्याला हलकेच कोपराने ढोसले, “चला हो, बाटल्या खोळंबल्यात!” धाकटा काळ्या गाडीवर बसला. एका किकमध्ये ती सुरू झाली.

“थांब,” थोरला म्हणाला.

“काय झालं?”

थोरला वाकला आणि इंजिनाशी कान नेला. अनेक वर्षे दोष शोधण्यात घालवलेला तो माणूस पुष्कळ वेळ ऐकत राहिला. जुनी असूनही गाडी स्वच्छ, एकसुरी चालत होती.

“आवाज येतोय,” तो म्हणाला. “व्हॉल्व्हच्या टॅपेटचा असावा.”

धाकट्यानेही मान तिरकी करून ऐकले. मग त्याने भावाकडे पाहिले, त्याच्या हातात अजून तशाच असलेल्या नोटांकडे पाहिले, आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.