पान हिरवं, दाणा पोचट

"पुन्हा मोजा," साहेब म्हणाले. "नकाशात तो पट्टा गर्द हिरवा आहे. गव्हाचा उतारा तुमच्या आकड्याच्या दुप्पट दिसतोय."

"दोनदा मोजलाय, साहेब. पान हिरवं होतं, पण दाणा पोचट आहे. नेमका दाणा भरताना उन्हाचा चटका बसला."

"मग उपग्रह खोटं बोलतो का?"

मोजणीबाईंनी वही मिटली. सव्वीस वर्षं त्या उभ्या गव्हात दोरीनं पाच बाय पाच मीटरचा चौकोन आखत होत्या. तेवढंच पीक कापून, झोडून, तोलत होत्या. एवढ्या काळात तीन वजनकाटे झिजले, पाच साहेब बदलले. आता आकाशातून पिकाचा हिरवेपणा बघून उतारा सांगता येऊ लागला, तशी बाईंचा आकडा म्हणजे नसती कटकट झाली होती. पण पट्टा 'चांगला' ठरला की तिथल्या लोकांना पुढच्या हंगामासाठी मदतीचं बियाणं मिळणार नव्हतं. हा पोचट गहू पेरून काय उगवणार, कपाळ?

त्या तडक नकाशे करणाऱ्या मुलीच्या टेबलाशी गेल्या. "चल माझ्याबरोबर. खुर्चीत बसून गहू दिसत नसतो."

शेतात तिसऱ्यांदा चौकोन आखला. काटा तीन किलो सहाशेवर थांबला. मुलीनं एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली. कोंड्याबरोबर दाणेही उडाले.

"मावशी, हातात काही उरलंच नाही."

"सांग आता तुझ्या उपग्रहाला."

"त्याला कशाला बोल लावता?" मुलगीही वैतागली. "हिरवेपणा किती आणि प्रत्यक्ष उतारा किती, हे संगणकाला वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून शिकवावं लागतं. या भागातले कापणीचे आकडेच नाहीत. म्हणून दुसरीकडचे घातले."

"आकडे नाहीत? दरवर्षी माझ्या हातानं दिलेत मी."

ते कचेरीतल्या अडगळीच्या खोलीत सापडले, मोडक्या खुर्च्यांमागे. सव्वीस गठ्ठे. प्रत्येकावर बाईंनीच मारलेली गाठ, जशीच्या तशी. एकही कुणी सोडली नव्हती.

दारात आलेले साहेब म्हणाले, "हे माझ्या आधीचं आहे."

"आणि वरचे चार? ते तर तुमच्याच वेळचे."

साहेबांनी वरच्या गठ्ठ्यावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "अहवाल आठवडाभर थांबवतो. त्या पट्ट्यासाठी तुमचाच आकडा जाईल."

ते गेल्यावर मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. बाईंनी सर्वांत जुन्या गठ्ठ्याची गाठ नखांनी सोडवली. कागद पिवळे पडले होते. अक्षर गोल, टपोरं, तरुण.

"सांगा मावशी."

बाईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "सात किलो चारशे," त्या म्हणाल्या, आणि मुलीची बोटं थांबेपर्यंत त्यांनी पुढचा आकडा वाचला नाही.